हेडर सापडत नाही, तेव्हा शोधायचं कुठे?

आज आपण एकाच चुकीबद्दल बोलू. सी १०८३, म्हणजे 'कॅनॉट ओपन इन्क्लूड फाइल'. आपल्यापैकी अनेकांनी ही लाल ओळ पाहून अख्खा व्हिज्युअल स्टुडिओ काढून पुन्हा टाकला असेल. आम्हीही टाकला होता, खोटं कशाला बोला!

प्रसंग हिंगण्याच्या एका कारखान्यातला. वजनकाट्याची जुनी लायब्ररी सी मध्ये, पडदा सी शार्पमध्ये, आणि दोघांना जोडणारा पूल सी++/सीएलआय मध्ये. यालाच आपण मिक्स्ड-मोड म्हणतो: एकाच डीएलएलमध्ये नेटिव्ह कोडही आणि डॉटनेटचा कोडही. संगणक बदलला, प्रोजेक्ट बिल्ड होईना. फाटकाबाहेर ट्रक उभे आणि पावत्या हाताने चाललेल्या.

पहिली चूक साधी होती. काट्याच्या हेडरचा पत्ता जुन्या मशीनच्या डी ड्राइव्हचा होता आणि नव्या मशीनला डी ड्राइव्हच नाही. आमच्या एका विद्यार्थ्याने 'व्हीसी++ डिरेक्टरीज'मधली इन्क्लूडची यादी पुसून तिथे नवा पत्ता लिहिला. लगेच दुसरी चूक: एसटीडीआयओ डॉट एच सापडत नाही! आता ही फाइल काय कुणी चोरून नेली? नाही. यादी पुसली तेव्हा कंपायलरचे आणि विंडोज एसडीकेचे पत्तेही गेले. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून सी ची मूळ हेडरं एसडीकेच्या फोल्डरमधून येतात, म्हणून ती दिसेनाशी झाली. उपाय असा की त्या यादीला हात लावायचा नाही. आपला पत्ता सी/सी++ खालच्या 'अ‍ॅडिशनल इन्क्लूड डिरेक्टरीज'मध्ये लिहायचा, आणि 'इन्हेरिट'ची खूण काढायची नाही.

तरीही एकच फाइल अडली. नेटिव्ह फाइलींना हेडर मिळत होतं, पुलाच्या फाइलला मिळत नव्हतं. हे मिक्स्ड-मोडचं खास दुखणं, बरं का. अशा प्रोजेक्टमध्ये स्लॅश सीएलआर बहुधा दोन-चार फाइलींपुरताच लावलेला असतो, म्हणजे त्या फाइलींची प्रॉपर्टी-पानं वेगळी भरलेली असतात. तिथे कुणी जुनी यादी लिहून इन्हेरिट बंद केलं असेल, तर प्रोजेक्टची दुरुस्ती तिथपर्यंत पोचतच नाही. फाइलवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. बदललेली नोंद ठळक अक्षरांत दिसते. वर डीबग की रिलीज, विन३२ की एक्स६४, हेही तपासा. दुरुस्ती डीबगमध्ये आणि बिल्ड रिलीजचा, हे आमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी होतं.

अवतरण चिन्हांचंही थोडं सांगतो. त्यांत नाव लिहिलं की कंपायलर आधी त्याच फाइलच्या फोल्डरमध्ये बघतो, मग यादीत. टोकदार कंसांत लिहिलं तर थेट यादीत. डबा घरात पडलेला आणि आपण बर्डीवर शोधतोय!

मग नेमकं कोण मागतंय हे कसं कळणार? 'शो इन्क्लूड्स' चालू करा, तो पर्याय सी/सी++ च्या अ‍ॅडव्हान्स्ड पानावर आहे. उघडलेल्या फाइली एकाखाली एक छापल्या जातात आणि शेवटच्या काही ओळींत मागणारा सापडतो. पुष्कळदा तो आपला कोड नसतोच, आपण घेतलेल्या हेडरच्या आतलं हेडर असतं.

प्रश्न आलाय: हेडर सरळ प्रोजेक्टमध्ये कॉपी केलं तर? करू नका. त्या कारखान्यात आधी कुणीतरी तेच केलं होतं. कॉपी जुनी, लायब्ररी नवी, आणि नव्या स्ट्रक्चरमध्ये वजनाच्या आधी एक रकाना वाढलेला. बिल्ड स्वच्छ, चूक शून्य, पण पडद्यावर वजन भलतंच. सी १०८३ निदान थांबवून सांगते तरी. आम्ही ती कॉपी उडवली, पत्ता लायब्ररीसोबत आलेल्या फोल्डरकडे वळवला, आणि माहीत असलेल्या वजनाचा ट्रक काट्यावर चढवून आकडा जुळवला. मगच पावत्या पुन्हा संगणकावर सुरू केल्या.