तहकूब म्हणजे नामंजूर नव्हे
(अमेरिकेंतील महाविद्यालयांच्या प्रवेशासंबंधीं चार शब्द)

दोन वर्षांपूर्वींच्या डिसेंबर महिन्यांतील गोष्ट. स्नेहसंमेलनाची तयारी ऐन भरांत होती. आमच्या बारावीच्या वर्गांतील एक हुशार विद्यार्थिनी एके दिवशीं शाळेंत आली नाहीं. दुसऱ्या दिवशीं आली ती डोळे सुजवून. चौकशी करतां समजलें कीं, अमेरिकेंतील एका नामांकित महाविद्यालयाकडे तिनें ऑक्टोबरच्या अखेरीस प्रवेशासाठीं अर्ज केला होता, व त्याचें उत्तर आदल्या दिवशीं पहाटे साडेपांच वाजतां संगणकावर आलें होतें. तिकडे तेव्हां सायंकाळचे सात वाजले होते. उत्तर 'होय' असें नव्हतें व 'नाहीं' असेंहि नव्हतें. तुमच्या अर्जाचा निर्णय पुढें ढकलला असून नियमित अर्जांबरोबर त्याचा पुन्हां विचार होईल, एवढाच त्याचा मथितार्थ होता. वडिलांनीं तें वाचून "म्हणजे नाहींच म्हटलें" असें म्हणून विषय संपविला. आईनें शेजारीपाजारीं कांहीं बोलूं नकोस म्हणून बजावलें.

यांत माझाहि एक अपराध होता, तो येथें कबूल करणें मला उचित वाटतें. तिचा अर्ज गेला त्या आठवड्यांत मीं वर्गांत मोठ्या अभिमानानें सांगून टाकलें होतें कीं, आपल्या शाळेची मुलगी आतां अमेरिकेस जाणार. हेतु चांगला होता. परिणाम मात्र असा झाला कीं, त्या सकाळीं तिला स्वतःच्या दुःखापेक्षां लोकांच्या प्रश्नांचें भय अधिक वाटलें. "सर, सगळ्यांना आतां काय सांगूं?" हा तिचा पहिला प्रश्न होता. त्याला नीट उत्तर त्या वेळीं मला देतां आलें नाहीं. पुढें या विषयाची जी माहिती मीं मिळविली, ती विद्यार्थ्यांपुढें व विशेषतः पालकांपुढें मांडावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

ज्यांच्या घरीं कोर्टकचेरीचा अनुभव आहे त्यांस 'तहकूब' हा शब्द ठाऊक असेल. खटला तहकूब झाला म्हणजे तो काढून टाकला असें होत नाहीं; पुढची तारीख मिळते, मधल्या काळांत पक्षकारास नवा पुरावा दाखल करतां येतो. महाविद्यालयाच्या या उत्तरास इंग्रजींत 'डिफर' करणें म्हणतात, आणि त्याचें स्वरूप पुष्कळसें असेंच आहे. तें समजण्यासाठीं मूळची पद्धत पाहिली पाहिजे.

अमेरिकेंतील बरींच निवडक महाविद्यालयें अर्ज दोन खेपांस घेतात. पहिली खेप लवकरची. तिची मुदत बहुधा १ नोव्हेंबर किंवा १५ नोव्हेंबर असते व उत्तर डिसेंबरच्या मध्यास मिळतें. दुसरी खेप नियमित; तिची मुदत बहुतेक ठिकाणीं १ जानेवारीच्या सुमारास संपते, उत्तरें मार्चअखेर येतात, आणि कोठें जाणार हें विद्यार्थ्यानें साधारणतः १ मेपर्यंत कळवावयाचें असतें.

लवकरच्या खेपेचेहि प्रकार आहेत. 'अर्ली डिसिजन' हा बंधनकारक प्रकार होय. त्यांत विद्यार्थी एकाच महाविद्यालयास वचन देतो कीं, मला घेतलेंत तर मी येईनच व इतर सर्व अर्ज मागें घेईन. 'अर्ली ॲक्शन' या प्रकारांत असें वचन नसतें. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन व स्टॅनफर्ड येथें तिसरा प्रकार चालतो. त्यांत येण्याचें बंधन नाहीं. परंतु थोडे अपवाद सोडतां इतर खाजगी महाविद्यालयांकडे लवकरच्या खेपेंत अर्ज करतां येत नाहीं. ही सर्व व्यवस्था निर्दोष आहे असें तेथील विद्वानांनाहि वाटत नाहीं. सुस्थितींतील कुटुंबांनाच या खेपेचा फायदा अधिक मिळतो, असें म्हणून हार्वर्ड व प्रिन्स्टन यांनीं २००६ सालीं ती बंद करण्याचें ठरविलें होतें. २०११ सालीं दोघांनींहि ती पुन्हां सुरू केली.

लवकरच्या अर्जास तीन उत्तरें संभवतात: स्वीकार, नकार, अथवा तहकुबी. तहकुबी मिळालेला अर्ज नियमित खेपेच्या अर्जांत मिसळला जातो व त्याचा नव्यानें विचार होतो. येथें एक गोष्ट पालकांनीं लक्षांत ठेवावी. बंधनकारक खेपेंत अर्ज केला असून तो तहकूब झाला, तर दिलेल्या वचनांतून विद्यार्थी मोकळा होतो. पुढें मार्चमध्यें त्याच महाविद्यालयानें बोलाविलें तरी जावें कीं न जावें हें ठरविण्यास तो स्वतंत्र असतो. तसेंच तहकुबी आणि 'वेटिंग लिस्ट' या दोन गोष्टी भिन्न आहेत. प्रतीक्षायादी नियमित खेपेच्या निकालानंतर लागते व जागा रिकामी राहिली तरच तिचा उपयोग होतो.

महाविद्यालयें असें कां करतात? जागा थोड्या व चांगले अर्ज फार, हें पहिलें कारण. नियमित खेपेंत कसे विद्यार्थी येतात हें पाहिल्यावांचून सर्व जागा भरून टाकणें त्यांस धोक्याचें वाटतें. दुसरें कारण असें कीं, कित्येक अर्जदारांच्या शेवटच्या वर्षाचे गुण नोव्हेंबरांत हातीं आलेले नसतात. ते पाहून मग ठरवूं, असें निवडसमितीला वाटतें. शिवाय प्रत्येक ठिकाणची चाल निराळी. जॉर्जटाउन विद्यापीठाची जुनी रीत अशी कीं, लवकरच्या खेपेंत ज्यांना घेतलें नाहीं त्या सर्वांचेच अर्ज पुढील खेपेंत घालावयाचे. स्टॅनफर्डचा कल उलट, शक्य तों अखेरचा निर्णय तेव्हांच देऊन टाकण्याकडे असतो. म्हणून एका ठिकाणच्या तहकुबीचें वजन दुसऱ्या ठिकाणच्या तहकुबीइतकें असेलच असें नाहीं. आणि हेंहि स्पष्ट सांगितलें पाहिजे कीं, अतिशय निवडक महाविद्यालयांत तहकूब झालेल्यांपैकीं थोड्यांनाच पुढें प्रवेश मिळतो. आशा सोडूं नये, पण आशेवर विसंबूनहि राहूं नये.

आतां विद्यार्थ्यानें काय करावें?

प्रथम तें पत्र शांतपणें दोनदां वाचावें. महाविद्यालयास आणखी माहिती हवी आहे कीं नको, हवी असल्यास ती कोणत्या मार्गानें व केव्हांपर्यंत, हें त्यांतच बहुधा लिहिलेलें असतें. कांहीं ठिकाणीं ठराविक फॉर्म भरावयाचा असतो. कांहीं ठिकाणीं एक पत्र चालतें. आणि कांहीं ठिकाणीं 'कृपा करून आणखी कांहीं पाठवूं नये' असें स्वच्छ सांगितलेलें असतें. तसें सांगितलें असल्यास तें पाळावें. सूचना न पाळणाऱ्या अर्जदाराविषयीं चांगलें मत होत नाहीं.

दुसरें काम इतर अर्जांचें. डिसेंबरच्या मध्यापासून १ जानेवारीपर्यंत जेमतेम दोन आठवडे असतात. रात्र थोडी आणि सोंगें फार अशी स्थिति होते. म्हणून शहाण्या विद्यार्थ्यानें हे अर्ज नोव्हेंबरांतच तयार ठेवावे. कित्येक महाविद्यालयें जानेवारीच्या आरंभीं बंधनकारक अर्जांची दुसरी खेपहि घेतात. परंतु दुःखाच्या भरांत तिकडे धांव घेऊं नये. ज्या महाविद्यालयास आपण खरोखर आनंदानें जाऊं, व ज्याचा खर्च घरास झेपेल, तेथेंच असें वचन द्यावें.

तिसरें काम अभ्यासाचें, आणि माझ्या मतें तेंच सर्वांत महत्त्वाचें. वर्षाच्या मध्याचे गुण शाळेकडून महाविद्यालयास कळवावे लागतात, आणि तहकूब अर्जाच्या बाबतींत हाच खरा नवा पुरावा होय. आपल्याकडे तर जानेवारींत पूर्वपरीक्षा व फेब्रुवारी-मार्चमध्यें बोर्डाची परीक्षा असते. आमची विद्यार्थिनी त्या पत्रानंतर तीन आठवडे पुस्तकास शिवली नाहीं, आणि पूर्वपरीक्षेंत रसायनशास्त्रांत तिचे गुण घसरले. हातचें सोडून पळत्याच्या पाठीं लागण्याचाच हा प्रकार. बारावीचे गुण तिकडे लागतात तसेच इकडेहि लागतात, सी. ई. टी. चा अर्जहि वेळेवर भरलेला असावा.

चौथें काम पत्राचें. जेथें परवानगी असेल तेथें जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या आरंभापर्यंत एक पत्र लिहावें. तें एका पृष्ठाहून मोठें नसावें. अर्जाचा पुन्हां विचार होत आहे याबद्दल आभार, आपली इच्छा कायम आहे याचें विधान, आणि नोव्हेंबरनंतर घडलेल्या दोन-तीन खऱ्या गोष्टी, एवढें त्यांत पुरे. नवे गुण, पूर्ण झालेलें एखादें काम, अंगावर घेतलेली नवी जबाबदारी अशा त्या गोष्टी असाव्या. मूळ अर्जांतील मजकूर पुन्हां लिहूं नये. तक्रार नको, विनवणी नको, स्तुतिहि नको. 'प्रवेश मिळाल्यास मी निश्चित येईन' हें वाक्य खरें असेल तरच लिहावें, व एकाच ठिकाणीं लिहावें. तेंच वाक्य चार ठिकाणीं पाठविणें म्हणजे खोटें बोलणें होय, आणि शिक्षणाचा आरंभ खोटेपणानें करूं नये. आमच्या विद्यार्थिनीच्या पहिल्या मसुद्यांत नऊ प्रमाणपत्रांची यादी होती. ती सर्व काढून, संध्याकाळीं आपल्या वस्तींतील पांच मुलांना ती गणित शिकवीत असे तेवढीच हकीकत आम्हीं ठेवली. पत्र त्यामुळें लहान झालें, पण तें तिचें झालें.

पालकांस दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली पैशाची. परदेशी विद्यार्थ्यास आर्थिक साह्य लागतें ही गोष्ट बहुतेक महाविद्यालयें निवड करतांना विचारांत घेतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एम. आय. टी. व ॲम्हर्स्ट हीं विचारांत न घेणाऱ्यांपैकीं जुनीं होत. २०२२ सालीं डार्टमथ व बोडन हीं त्यांत आलीं. अशीं महाविद्यालयें थोडीं आहेत. तेव्हां तहकुबी मिळाली म्हणजे मुलांत कांहीं उणें आहे असाच अर्थ लावण्याचें कारण नाहीं. दुसरी गोष्ट वागणुकीची. महाविद्यालयाच्या कचेरीस आईबापांनीं वारंवार विचारणा करूं नये. तेथें विद्यार्थ्याचाच शब्द चालतो. पैसे घेऊन 'हमखास प्रवेश' देऊं म्हणणाऱ्यांच्या नादीं तर मुळींच लागूं नये. घरांत रोज त्याच विषयाचें चर्वितचर्वण टाळावें, आणि अबोलाहि धरूं नये. मुलाला त्या दिवसांत घर हें परीक्षेचें केंद्र वाटतां कामा नये.

पुढें ढकललेल्या निर्णयाचें एक उदाहरण आपल्याच इतिहासांत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ सालीं बडोदें संस्थानची शिष्यवृत्ति घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले, व तेथून १९१६ सालीं लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें १९१७ सालीं त्यांना अभ्यास अर्धा टाकून परत यावें लागलें. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापकी करून, पैसे जमवून, १९२० सालीं ते पुन्हां लंडनला गेले. तेथें सादर केलेला रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध १९२३ सालीं परीक्षकांनीं फेरफार करून पुन्हां पाठविण्यास सांगितला. त्यांनीं तो दुरुस्त करून पाठविला, आणि त्याच वर्षीं तो मान्य झाला. त्यांच्यापुढील अडचणींशीं आपल्या अडचणींची तुलना करणें योग्य होणार नाहीं. परंतु मधल्या काळांत मनुष्य काय करतो यावर पुष्कळ अवलंबून असतें, एवढें त्यावरून खचित दिसतें.

आमच्या विद्यार्थिनीचें पुढें काय झालें, हें वाचकांस जाणून घ्यावेंसें वाटेल. मार्चच्या अखेरीस त्या महाविद्यालयाचें दुसरें उत्तर आलें. तें 'नाहीं' असें होतें. परंतु तोंपर्यंत तिचे आणखी पांच अर्ज गेले होते. त्यांपैकीं एका लहानशा महाविद्यालयानें तिला साह्यासह प्रवेश दिला, आणि त्याच वर्षीं ऑगस्टांत ती तेथें गेली. बोर्डाच्या परीक्षेंत रसायनशास्त्राची उणीव तिनें भरून काढली होती. निरोप घेण्यास आली तेव्हां वडील बरोबर होते. ते म्हणाले, "सर, डिसेंबरांत मी एकदां तरी तिच्याजवळ बसायला हवें होतें." मीं त्यांस माझी चूक सांगितली, व आम्ही दोघेहि हंसलों.

तेव्हांपासून मीं एक नियम केला आहे. अर्ज गेला म्हणून वर्गांत कांहीं सांगावयाचें नाहीं. आणि कोणाचें उत्तर तहकूब आलें, तर त्या मुलाला प्रथम घरीं पाठवून झोपूं द्यावयाचें, दुसऱ्या दिवशीं त्याच्याबरोबर तें पत्र वाचावयाचें, व तिसऱ्या दिवशीं कामास लागावयाचें. येत्या डिसेंबरांत ज्यांच्या घरीं पहाटे असें उत्तर येईल, त्यांनीं हाच क्रम धरावा अशी माझी विनंति आहे. शाळेचें दार त्यांच्यासाठीं उघडें आहे.