छापील अटी म्हणजे कायदा नव्हे

दुरुस्तीला दिलेला फ्रीज महिनाभर सर्व्हिस सेंटरमध्ये पडून राहतो. मोबाइलचा नवा डिस्प्ले पंधरा दिवसांत पुन्हा काळा पडतो. परदेशी संकेतस्थळावरून मागवलेले यंत्र सुरूच होत नाही. अशा वेळी बहुतेक ग्राहक वॉरंटी कार्ड किंवा बिलाची मागची बाजू उलगडतात, तिथे आपल्या विरोधातली एखादी बारीक ओळ सापडते आणि ते गप्प बसतात. ही माघार अनेकदा अनाठायी असते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे आणि कंपनीने एकतर्फी छापलेल्या कागदापेक्षा तो वरचा आहे. दुरुस्ती आणि दूरदेशीचे विक्रेते यांच्याबाबतचे सहा समज म्हणूनच तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज १ : वॉरंटी संपली की काहीच मागता येत नाही.

वस्तुस्थिती : वॉरंटीबरोबर संपते ती फुकट दुरुस्ती. पैसे मोजून करून घेतलेली दुरुस्ती ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र सेवा आहे. ती निष्काळजीपणे केली, सुटा भाग बदलल्याचे सांगून बदललाच नाही किंवा महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवली, तर ती ‘सेवेतील त्रुटी’ ठरते. दुरुस्तीचे बिल न देणे ही तर अनुचित व्यापारी प्रथाच आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगाकडे जाता येते. उशिराला सबळ कारण असेल तर आयोग तो माफही करू शकतो.

मूळ दोष वॉरंटीच्या काळात लेखी कळवला असेल, तर मुदत संपेपर्यंत टोलवाटोलवी केली म्हणून कंपनी सुटत नाही. म्हणून वस्तू देताना जॉब कार्ड घ्या. त्यावर तारीख, बिघाडाचे वर्णन आणि अंदाजे खर्च लिहून घ्या. बदललेला जुना भाग परत मागा. पुढे आयोगासमोर बोलतात ते हेच कागद.

गैरसमज २ : बाहेरच्या मेकॅनिककडे गेलात की वॉरंटी आपोआप रद्द.

वस्तुस्थिती : मोटारींच्या बाबतीत या प्रश्नाला भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी थेट हात घातला. सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची साधने खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल त्याने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. दंडाच्या रकमेवरून पुढे अपिले झाली. पण त्या आदेशातले सूत्र लक्षात ठेवण्यासारखे आहे : स्वतंत्र गॅरेजमध्ये काम करून घेतले एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले, तेवढ्यापुरतीच कंपनी जबाबदारी नाकारू शकते.

हा आदेश त्या मोटार कंपन्यांपुरता होता. मोबाइल, टीव्ही, ट्रॅक्टर यांच्यासाठी ‘दुरुस्तीचा हक्क’ देणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, शेती अवजारे, मोबाइल व टॅबलेट, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. तिथे माहिती मिळते. हक्क मात्र अजूनही मूळ ग्राहक कायद्यातूनच मागावे लागतात. वॉरंटी नाकारली गेली तर बाहेरच्या दुरुस्तीचा आणि आताच्या बिघाडाचा नेमका संबंध काय, हे कंपनीला लेखी विचारा. ग्राहकावर अवाजवी अट लादणारा करार ‘अनुचित करार’ ठरू शकतो आणि त्याविरुद्ध राज्य ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते.

गैरसमज ३ : ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी अंतिम असते.

वस्तुस्थिती : सदोष मालापुढे ही पाटी टिकत नाही. असा माल परत घ्यायला नकार देणे आणि बिलातल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, पैसे न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मात्र रंग आवडला नाही किंवा मन बदलले म्हणून पैसे परत मिळण्याचा हक्क हा कायदा देत नाही. तिथे दुकानाचे धोरणच चालते.

गैरसमज ४ : करारात ‘फक्त बंगळूरुचे न्यायालय’ लिहिले असेल तर तिकडेच जावे लागेल.

वस्तुस्थिती : २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल होते. सांगलीच्या ग्राहकाला सांगलीतच दाद मागता येते. लवादाच्या कलमाचेही तसेच. एम्मार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केले, की करारात लवादाची अट असली तरी ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही.

गैरसमज ५ : विक्रेता परदेशात असेल तर भारतीय कायदा लागूच होत नाही.

वस्तुस्थिती : २३ जुलै २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार, भारतात स्थापन न झालेली पण भारतीय ग्राहकांना पद्धतशीरपणे माल किंवा सेवा देऊ करणारी कंपनीही नियमांच्या कक्षेत येते. ई-कॉमर्स कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमला पाहिजे, ४८ तासांत तक्रारीची पोच दिली पाहिजे आणि महिन्याभरात ती निकाली काढली पाहिजे.

खरी अडचण पुढे येते. ज्या कंपनीचे इथे ना कार्यालय ना मालमत्ता, तिच्याविरुद्धचा आदेश वसूल करणे फार कठीण. म्हणून खरेदीपूर्वीच भारतातला दुवा शोधा : आयातदार कोण, बिल कोणाच्या नावाने, तक्रार निवारण अधिकारी कोण. सदोष वस्तूमुळे इजा झाली किंवा दुसऱ्या मालमत्तेचे नुकसान झाले आणि परदेशी उत्पादक भारतीय कायद्याच्या आवाक्याबाहेर असेल, तर कलम ८६ नुसार इथल्या विक्रेत्याला जबाबदार धरता येते. केवळ वस्तूच्या किमतीसाठी मात्र सदोष मालाची नेहमीची तक्रारच करावी लागते. पैसे कार्डाने दिले असतील तर बँकेकडे ‘चार्जबॅक’ची, म्हणजे कार्डाचा व्यवहार उलटवून पैसे परत करण्याची, मागणी लगेच करा, तिची मुदत मर्यादित असते.

गैरसमज ६ : परदेशातून आणलेल्या लॅपटॉपची वॉरंटी इथेही चालते.

वस्तुस्थिती : कंपनीने आंतरराष्ट्रीय वॉरंटी लिहून दिली असेल तरच. युरोपीय संघात नव्या वस्तूवर किमान दोन वर्षांची कायदेशीर हमी असते. ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्यानुसार सदोष वस्तू ३० दिवसांत नाकारता येते. पण ही जबाबदारी तिथल्या विक्रेत्याची असते. जर्मनीतल्या भाचीने आणलेला लॅपटॉप बिघडला तर तिने, तिच्या बिलावर, तिथल्या दुकानाकडे तक्रार करणे हाच सरळ मार्ग.

एवढ्या खटाटोपाला पैसे आणि वकील कुठून आणायचा, असा प्रश्न उरतो. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. वकील नेमण्याची सक्ती नाही. तक्रार १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘ई-जागृती’ पोर्टलवर घरबसल्या दाखल होते, आणि १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर त्याआधी सल्ला मिळतो. निकालासाठी कायद्याने तीन महिन्यांची, वस्तूची तपासणी लागली तर पाच महिन्यांची मर्यादा सांगितली आहे. प्रत्यक्षात अनेकदा जास्त काळ जातो. तरीही तारखेसह पाठवलेली लेखी नोटीस हे पहिले पाऊल प्रत्येकाला उचलता येते. आपला कायदा माहीत असलेला ग्राहक समोर आहे हे कळले, की बरीच प्रकरणे आयोगापर्यंत जाण्याआधीच मिटतात.