उमेदीचे भांडवल

चित्रपटाच्या व्यवसायात शिरू पाहणाऱ्या तरुणाला वडीलधारी मंडळी बहुधा एकच उपदेश करतात, तो म्हणजे धीर न सोडण्याचा. उपदेश खरा आहे, पण अपुरा आहे. नित्य नवे शिकण्याचे खतपाणी न मिळाल्यास धीराचे रोपटे पहिल्याच अपयशाच्या झळीने कोमेजून जाते. या विधानाचा प्रत्यय घ्यावयाचा, तर झाशीच्या राणीवर निघालेल्या एका चित्रपटाची हकीकत पाहावी.

झाशी बुंदेलखंडातली; परंतु नेवाळकरांच्या या नगरीशी मराठी मनाचा ऋणानुबंध जुना आहे. १८५८ चा वेढा प्रत्यक्ष पाहिलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी ती कथा ‘माझा प्रवास’ या ग्रंथात लिहून ठेवली आहे. हाच विषय घेऊन सोहराब मोदी यांनी १९५३ साली ‘झांसी की रानी’ हा चित्रपट पडद्यावर आणला.

१८९७ साली जन्मलेल्या मोदींनी शाळा संपताच झाशीच्या शेजारच्या ग्वाल्हेरात, बंधू केकी यांच्यासह फिरता चित्रपट दाखविण्याचा उद्योग केला. पुढे ते पारशी रंगभूमीवर गाजले. १९३१ साली बोलपट आला आणि नाटकगृहे ओस पडू लागली. मोदींनी शोक करीत न बसता शेक्सपिअरची नाटकेच पडद्यावर नेली. १९३५ साली ‘खून का खून’ आणि १९३६ साली ‘सैद-ए-हवस’ हे चित्रपट निघाले. दोन्ही चालले नाहीत. रंगमंचावरील नाटक उचलून कॅमेऱ्यापुढे ठेवले म्हणजे चित्रपट होत नाही, असाच धडा या अपयशात होता. त्यानंतर त्यांनी ‘मिनर्व्हा मूव्हीटोन’ ही संस्था काढली, मद्यपान आणि घटस्फोट यांसारखे विषय हाताळले, आणि १९३९ चा ‘पुकार’ व १९४१ चा ‘सिकंदर’ यांनी ऐतिहासिक चित्रपटांचा मानदंड निर्माण केला.

एवढे यश मिळाल्यावर पुष्कळांचे शिक्षण थांबते. मोदी मात्र पन्नाशी उलटल्यावर पुन्हा विद्यार्थी झाले. टेक्निकलर ही त्या काळची मोठी खर्चाची विद्या होती. तिच्या खास कॅमेऱ्यात लोलकाच्या साहाय्याने प्रकाश विभागून तीन स्वतंत्र फितींवर तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगांची नोंद होई. मग त्यांवरून रंगांचे ठसे एकावर एक उमटवून प्रत तयार करीत. त्यासाठी प्रखर प्रकाश आणि अनुभवी हात लागत. ‘गॉन विथ द विंड’च्या छायालेखनाबद्दल ऑस्कर मिळविणारे अर्नेस्ट हॅलर यांना मोदींनी या कामासाठी पाचारण केले. टेक्निकलरमधील पहिला भारतीय चित्रपट म्हणून त्याची नोंद झाली.

त्याला संगीत दिले वसंत देसाई यांनी. कोकणातून आलेल्या या तरुणाने ‘प्रभात’मध्ये पडेल ते काम केले, पडद्यावर लहान भूमिका केल्या आणि गोविंदराव टेंब्यांसारख्यांच्या हाताखाली संगीताचे धडे घेतले. कोणतेही काम हलके न मानणाऱ्याला प्रत्येक काम गुरू होते, याचा हा दाखलाच होय.

एवढे करूनही चित्रपट आपटला. राणीच्या भूमिकेतील मेहताब यांच्या वयावरही टीका झाली. नुकसान प्रचंड होते. केवळ आशेवर जगणारा मनुष्य येथे दैवाला दोष देऊन थांबला असता. मोदींनी पुढच्याच वर्षी, १९५४ साली, रंगांचा डामडौल बाजूला ठेवून कृष्णधवल ‘मिर्झा गालिब’ काढला. मंटोंची कथा, बेदींचे संवाद, सुरैयांचा कंठ आणि एका कवीचे दुःख, एवढ्या सामग्रीवर त्या चित्रपटाने राष्ट्रपतींचे सुवर्णपदक पटकावले. भव्यतेने डोळे दिपतात, पण प्रेक्षक परत येतो तो माणसाच्या सुखदुःखासाठी, हे या दोन चित्रपटांच्या तुलनेतून उमगते. १९७९ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार देऊन राष्ट्राने मोदींचा गौरव केला.

यावरून अपयश नेहमी यशात परिणत होते असा सिद्धांत मात्र कोणी काढू नये. अनेकांचे कष्ट वाया जातात, अनेकांची नावेही उरत नाहीत. आशा फळाची हमी देत नाही. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर जाण्याचे बळ देते. त्या कामातून शिकलेली विद्या मात्र चित्रपट पडला तरी बुडत नाही.

ज्या १९५३ साली ‘झांसी की रानी’ कोसळला, त्याच वर्षी पुण्याची ‘प्रभात’ही बंद झाली. आणि १९६० साली सरकारने चित्रपटशिक्षणाची संस्था उभारली, ती प्रभातच्याच आवारात. जेथे वसंत देसाईंसारखे काम करता करता शिकले, तेथे आता नव्या पिढ्या शिकण्यासाठी येतात. कारखाना बंद पडला. त्याच्या जागी शाळा उभी राहिली. उमेदवारी करणाऱ्या प्रत्येक तरुणाने मनाशी बाळगावी अशीच ही गोष्ट आहे.