मोठा डायनामा बसवताना

चकलांब्यासारख्या गावात वीस-पंचवीस वर्षांची डिझेल गाडी कुणी हौसेखातर ठेवत नाही. गेवराईचा बाजार, बीडचा दवाखाना, लग्नाचं वऱ्हाड, दसरा-दिवाळीच्या आगेमागे कारखान्याकडे निघालेल्या ऊसतोड टोळीचं सामानसुमान या सगळ्यांसाठी ती लागते. आणि यातल्या बऱ्याच गाड्यांचं माहेर महाराष्ट्रातच आहे. टाटांची सुमो १९९४ साली पुण्यातून बाहेर पडली. तिच्या नावात टाटांच्या मोटार कंपनीचे एके काळचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावाची आद्याक्षरं आहेत. ट्रॅक्स बजाज टेम्पोची, म्हणजे तीही पुण्याच्याच कंपनीची. बोलेरो २००० साली आली आणि नाशिकच्या कारखान्यात वाढली. या गाड्यांची इंजिनं नीट सांभाळली तर अजूनही कुरकुरत नाहीत. अडचण येते ती विजेची.

गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यावर दोन हेडलाइट, वायपर, हॉर्न आणि फार तर एक टेपरेकॉर्डर एवढाच भार होता. पुढे मालकाने एसी बसवून घेतला. मग फॉगलॅम्प आले, अॅम्प्लिफायर आला, मागच्या सीटपर्यंत मोबाइल चार्जर गेले. निवडणुकीत तीच गाडी भोंगे लावून प्रचाराला फिरली. वीज बनवणारं यंत्र मात्र तेच राहिलं. नव्वदच्या दशकातल्या अशा गाड्यांवर साधारण ४५ ते ६५ अँपिअरचे अल्टरनेटर असायचे. आजच्या गाड्यांवर ९० ते १५० अँपिअरचे असतात.

गॅरेजमध्ये या यंत्राला अजूनही ‘डायनामा’च म्हणतात. खरा डायनामो थेट एकदिश वीज द्यायचा, पण इंजिन मंद चालत असताना त्याच्याकडून बॅटरी चार्ज होत नसे. अल्टरनेटर आधी प्रत्यावर्ती वीज तयार करतो, मग डायोड प्लेट ती एकदिश करते. सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाले तेव्हाच हे मोटारीत परवडू लागलं. अमेरिकेत क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंट गाडीवर अल्टरनेटर दिला. पुढच्याच वर्षी, १९६१ साली, चेन्नईजवळ पाडी इथे लुकास-टीव्हीएस ही कंपनी उभी राहिली. भारतातल्या कितीतरी डिझेल गाड्यांच्या अल्टरनेटरवर आजही तिचंच नाव दिसतं.

भार मोजायला फार गणित लागत नाही. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. ६० वॅटचे दोन हेडलाइट अप्परवर नऊ अँपिअर घेतात. टेललाइट आणि मीटरचे दिवे मिळून तीन. एसीचा पंखा पूर्ण वेगात असेल तर बारा ते पंधरा, कॉम्प्रेसरचा क्लच चार, कंडेन्सरचा पंखा दहाच्या आसपास. ५५ वॅटचे दोन फॉगलॅम्प आठ, वायपर पाच. पावसाळ्यातल्या रात्री सगळं एकदम चालू असेल तर पन्नासच्या वर अँपिअर लागतात, आणि यात अॅम्प्लिफायर धरलेलाच नाही.

४५ अँपिअरचा आकडा अल्टरनेटरवर छापलेला असतो खरा, पण तो यंत्र मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या आसपास फिरत असतानाचा. डिझेल इंजिन उभ्या गाडीत ७००-८०० फेऱ्यांवर चालतं. पुलीच्या प्रमाणामुळे अल्टरनेटर त्याच्या दुप्पट-अडीचपट फिरतो, तरी दोन हजारांच्या खालीच राहतो. तिथे तो निम्मी वीज देईल, कदाचित त्याहूनही कमी. महामार्गावरच्या कोंडीत एसी आणि दिवे चालू ठेवून तासभर अडकलेली गाडी बॅटरीतून तीसेक अँपिअर खेचत बसते. म्हणजे ७५ अँपिअर-अवरच्या बॅटरीतला चाळीस टक्के साठा तिथेच संपला. त्यात मराठवाड्यातला एप्रिल-मे. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, आणि बॉनेटखाली भाजून निघालेला अल्टरनेटर आणखी कमी वीज देतो.

पेट्रोल गाडीत वीज संपली की ठिणगी बंद पडते आणि गाडी तिथेच थांबते. जुन्या डिझेलचं तसं नाही. तिचा पंप यांत्रिक असतो. एकदा सुरू झालेलं इंजिन जवळपास विजेशिवाय चालत राहतं. त्यामुळे रात्री बॅटरी रिकामी होत गेली तरी ड्रायव्हरला पत्ता लागत नाही. सकाळी हिटर प्लग तापवायला चाळीस-पन्नास अँपिअर लागतात, सेल्फ फिरवायला दोनशेच्या वर, तेव्हा कुठे कळतं. मग धक्का स्टार्ट. दोष बॅटरीवर येतो, नवी बॅटरी येते, आणि काही महिन्यांत तीही तशीच अर्धपोटी राहून खराब होते. शिसे-आम्लाच्या बॅटरीला अर्धवट चार्ज राहणं मानवत नाही. पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट होतो आणि तिची क्षमता कायमची घटते.

अशा वेळी मोठा अल्टरनेटर बसवायचा विचार रास्त आहे. त्याबद्दलची एक भीती मात्र निराधार. ‘नव्वद अँपिअरचा लावला तर बॅटरी उकळेल, बल्ब उडतील,’ असं अनेक ठिकाणी ऐकू येतं. गावात ६३ केव्हीएच्या जागी १०० केव्हीएचा डीपी बसला म्हणून घरातले बल्ब उडत नाहीत; फक्त आणखी मोटारी चालू शकतात. अल्टरनेटरचंही तेच. व्होल्टेज ठरवतो रेग्युलेटर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत कटआऊट. तो साधारण १३.८ ते १४.५ व्होल्टच्या मध्ये वीज धरून ठेवतो. अँपिअर किती जायचे ते भार ठरवतो. बॅटरी उकळत असेल तर रेग्युलेटर बिघडलेला असतो, मग अल्टरनेटर ४५ चा असो की ९० चा.

खरा धोका दुसरीकडेच आहे, आणि डिझेल गाडीत तो जिवावर बेतू शकतो. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलमुळे हवेच्या नळीत निर्वात दाब तयार होतो आणि ब्रेकचा बूस्टर त्यावर चालतो. डिझेलला थ्रॉटल नसल्यामुळे तो दाब मिळत नाही. म्हणून वेगळा व्हॅक्युम पंप लागतो, आणि आपल्याकडच्या कितीतरी जुन्या डिझेल गाड्यांमध्ये तो पंप अल्टरनेटरच्याच पाठीवर, त्याच शाफ्टवर बसवलेला असतो. भंगार बाजारातून एखाद्या पेट्रोल कारचा शंभर अँपिअरचा अल्टरनेटर स्वस्तात मिळतो, ब्रॅकेट थोडं कापून तो बसतोही, दिवे लख्ख होतात. पण ब्रेक पेडल दगडासारखं झालेलं असतं. बूस्टरमध्ये साठलेल्या दाबावर एक-दोन ब्रेक लागतात, नंतर सगळं वजन पायावर. भरलेली सुमो घाटातून उतरत असताना हे उमगणं फार उशिराचं आहे.

म्हणून नवा अल्टरनेटर शोधायचा तो त्याच घराण्यातला. अनेक मॉडेलांच्या एसी आणि बिनाएसी आवृत्त्यांत अल्टरनेटर वेगळे होते. एसी गाडीचा मोठा, पण ब्रॅकेट तेच आणि मागे पंपही तोच. जुनी बिनाएसी गाडी असेल तर तिच्याच एसी भावंडाचा अल्टरनेटर हा सर्वांत सुरक्षित पर्याय. कापाकापी नाही, ब्रेकशी खेळ नाही.

पंपाचं आणखी एक नाजूक अंग आहे. त्याच्या आतल्या पात्यांना वंगण लागतं, ते इंजिनच्या ऑइलमधून एका बारीक नळीने येतं आणि जाड होजमधून परत चेंबरमध्ये पडतं. नळीच्या बोल्टखालचे तांब्याचे वॉशर दर वेळी नवे घालावेत. पंप पहिल्यांदा फिरण्याआधी त्यात थोडं इंजिन ऑइल हाताने सोडावं, नाहीतर सुरुवातीचे काही क्षण पाती कोरडीच घासतात. मधलं सील गेलं तर ऑइल अल्टरनेटरच्या पोटात शिरतं.

तसा एखादा अल्टरनेटर बाकावर उघडून पाहिला की ओळखू येतो. कार्बनची भुकटी ऑइलमध्ये कालवून काळा चिकट लेप झालेला असतो, स्लिप रिंगवर कार्बनने खोल चर पाडलेले असतात, आणि एके काळी बोटाच्या पेराएवढे असलेले कार्बन नखाएवढे उरलेले असतात. डायोड प्लेटवर एखादा डायोड जळून तपकिरी झालेला सापडतो. एक डायोड गेला तरी लाल दिवा कधी कधी पेटत नाही. वीज घटते, आणि बंद गाडीतही त्या वाटेने बॅटरी रात्रभर गळत राहू शकते. अशा यंत्राला नवे कार्बन, बेअरिंग, डायोड प्लेट आणि सील घातलं तर ते पुन्हा छापील क्षमतेला येतं. कित्येक मालकांचं काम तेवढ्यावरच भागतं. मोठा अल्टरनेटर हवा असं ज्यांना वाटतं, त्यांच्यापैकी अनेकांना प्रत्यक्षात आपलाच जुना अल्टरनेटर धड करून हवा असतो.

हे ठरवायला साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. इंजिन सुरू करून १४ च्या आसपास दिसायला हवेत. मग हेडलाइट, पंखा, एसी सगळं चालू करावं. मंद गतीत आकडा १३ च्या खाली गेला आणि गती वाढवल्यावर वर आला, तर यंत्र धड आहे पण भार जास्त आहे. गती वाढवूनही वर आला नाही, तर बेल्ट, कार्बन, डायोड किंवा वायर यांपैकी कशात तरी दोष आहे.

चालत्या इंजिनात बॅटरीचा टर्मिनल काढून ‘डायनामा चार्ज करतो का’ बघायची जुनी सवय आहे. डायनामोच्या काळात ती खपून जायची. अल्टरनेटरमध्ये बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज क्षणभर उसळतं आणि चांगले डायोड, रेग्युलेटर एका झटक्यात जातात. ही सवय सोडायलाच हवी.

यंत्र बदललं तरी वायर जुनीच ठेवली, तर पैसा वाया जातो. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत दोन मीटर लांबीची ६ चौरस मिलिमीटरची वायर असेल आणि तिच्यातून ८० अँपिअर गेले, तर जवळपास अर्धा व्होल्ट वाटेतच हरवतो आणि वायरीत ३७ वॅटची उष्णता तयार होते. इन्सुलेशन कडक झालेल्या जुन्या हार्नेसमध्ये ही आगीची सुरुवात ठरू शकते. १६ चौरस मिलिमीटरची वायर घातली की घट एक पंचमांश व्होल्टच्या आत येते. ही वायर थेट बॅटरीपर्यंत न्यावी, बॅटरीजवळ तिला फ्यूज द्यावा, आणि इंजिन ते चासी ते बॅटरी ही अर्थिंगची पट्टीही तितकीच जाड करावी. जुन्या जीपांच्या डॅशबोर्डवर अँपिअर मीटर असतो आणि चार्जिंगचा सगळा प्रवाह त्यातूनच जातो. तो ९० अँपिअरसाठी बनलेला नसतो. त्याला वाटेतून काढून व्होल्टमीटर लावणं शहाणपणाचं.

बेल्टचंही असंच. ९० अँपिअर देताना अल्टरनेटर इंजिनकडून अडीच-तीन हॉर्सपॉवर मागतो. एकेरी व्ही-बेल्ट गुळगुळीत झाला असेल तर तो घसरतो, किंचाळतो, पुली तापवतो. काही गाड्यांत तोच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो. म्हणजे तो तुटला की चार्जिंग, ब्रेकचा दाब आणि इंजिनचं गार राहणं तिन्ही एकदम जातात. वेग वाढवायला लहान पुली लावणारे आहेत. मंद गतीत त्याने फायदा होतो, पण ज्या गाडीत आरपीएमचा काटा अल्टरनेटरच्या ‘डब्ल्यू’ टर्मिनलवरून चालतो, तिथे काटा खोटं दाखवू लागतो.

खर्च करण्याआधी भार कमी करून पाहायलाही हरकत नाही. आतले आणि मागचे बल्ब चांगल्या एलईडीचे केले तर काही अँपिअर वाचतात. भोंगे आणि मोठे अॅम्प्लिफायर यांना वेगळा जनरेटरच बरा.

काम झाल्यावर पहिली चाचणी ब्रेकची. इंजिन बंद ठेवून पेडल घट्ट होईपर्यंत चार-पाच वेळा दाबावं, पाय तसाच दाबून ठेवावा आणि इंजिन सुरू करावं. पेडल थोडं खाली गेलं की पंप दाब बनवतोय असं समजावं. गेलं नाही तर गाडी रस्त्यावर आणू नये. त्यानंतर पूर्ण भारावर अल्टरनेटरच्या टर्मिनलपासून बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत व्होल्ट मोजावेत, पंपाच्या नळ्यांखाली कागद धरून ऑइल गळतंय का ते पाहावं. नवा बेल्ट पहिल्या काही दिवसांत ताणतो. म्हणून दोन-तीनशे किलोमीटर झाले की तो मधोमध अंगठ्याने दाबून बघावा. दहा-बारा मिलिमीटरपेक्षा जास्त दबत असेल, तर पुन्हा कसून घ्यावा.