आठवी झाली म्हणजे शाळा संपली?

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीच्या आसपासच्या वस्त्यांत जून उजाडला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "आठवी झाली, आता कायदा काय आडवा येत नाही. लावू कुठंतरी कंपनीत." असं म्हणणारे आईबाप पोराच्या वाईटावर नसतात. महिन्याचं भागवता भागवता त्यांचा जीव मेटाकुटीला आलेला असतो, आणि सरकारनं चौदाव्या वर्षापर्यंत शाळा लावून दिली, पुढचं ज्याचं त्यानं बघायचं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. या समजुतीत बऱ्याच गोष्टी चुकीच्या आहेत, आणि त्या चुकांची किंमत पंधरा-सोळा वर्षांची पोरं मोजतात.

"चौदानंतर सक्ती संपते"

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला पहिली ते आठवी मोफत आणि सक्तीचं शिक्षण, हे सगळ्यांना पाठ आहे. पण ही सक्ती कुणावर? कायद्यानं ती सरकारवर टाकली आहे. शाळा जवळ हवी, मुलाला प्रवेश मिळायला हवा, त्याची हजेरी आणि शिक्षण पूर्ण व्हायला हवं, ही जबाबदारी सरकारची. मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे, पण ते पाळलं नाही म्हणून पालकाला या कायद्यात दंड नाही. शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्याला महिना एक रुपया दंड होता. आजचा कायदा तसा नाही.

म्हणून चौदाव्या वर्षी जे संपतं, ते मुलावरचं बंधन नव्हे. सरकारनं दिलेली हमी संपते. शाळेतली खिचडी आठवीपर्यंत. फुकट पुस्तकं आणि गणवेश आठवीपर्यंत. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळाही सातवी-आठवीच्या पुढं जात नाहीत. नववीला हायस्कूल बदलतं, अंतर वाढतं, वह्या-पुस्तकं, गाईड, रिक्षा, क्लास असा खर्च एकदम अंगावर येतो. गळतीचं खरं कारण शोधायचं तर या नववीच्या उंबऱ्यावर शोधलं पाहिजे. पोराला शिकायचंच नव्हतं, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. ते बहुतेकदा खरं नसतं.

एक बारीक तरतूद मात्र फार थोड्यांना माहीत असते. उशिरा शाळेत आलेलं मूल चौदा वर्षांचं झालं तेव्हा सहावीत असेल, तर त्याचा मोफत शिक्षणाचा हक्क वाढदिवसाला तुटत नाही. आठवी पूर्ण होईपर्यंत तो राहतो. कर्नाटकातून किंवा उत्तर भारतातून कामाला आलेल्या कुटुंबांच्या मुलांसाठी ही ओळ मोलाची आहे.

"आमच्यासारख्यांची पोरं पुढं कुठं शिकतात?"

शिकतात. 'असर' या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२३ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयोगटातली ८६.८ टक्के मुलं-मुली कुठं ना कुठं शिकत होती. करोनानंतर या वयाची मुलं लोंढ्यानं शाळा सोडतील अशी भीती होती, ती खरी ठरली नाही. पण याच पाहणीतले पुढचे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत. चौदाव्या वर्षी शिक्षणाबाहेर असलेली मुलं ३.९ टक्के, अठराव्या वर्षी ३२.६ टक्के. म्हणजे आठवीनंतर शाळेत राहणं ही आता सर्वसाधारण गोष्ट आहे. गळती होते ती नंतरच्या चार वर्षांत, थोडी थोडी करून.

"दहावीचा निकाल चौऱ्याण्णव टक्के, मग अडचण कसली?"

राज्याचा २०२५ चा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला. सांगली, सातारा आणि कोल्हापूर मिळून होणारा कोल्हापूर विभाग तर दरवर्षी वरच्या ओळीत असतो. पण ही टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांची असते. जो आठवीनंतर वर्कशॉपवर गेला, जी नववीत नापास होऊन घरी बसली, ती या हिशेबात धरलेलीच नसतात. आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, दहावीला बोर्डाची परीक्षा. मधली नववी शाळेच्या हातात असते. दहावीचा निकाल चांगला लागावा म्हणून काही शाळा नववीलाच कच्च्या मुलांना चाळणी लावतात, हे शिक्षकांच्या खोलीत उघड बोललं जातं. शंभर टक्के निकालाचा फलक दिसला की आधी विचारावं, तीन वर्षांपूर्वी या तुकडीत आठवीला किती मुलं होती?

"चौदा झाली की कामाला लावता येतं"

हा सगळ्यात घातक गैरसमज, म्हणून जरा सविस्तर. १९८६ च्या बालमजुरी कायद्यात २०१६ मध्ये बदल झाला. चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. शाळा सांभाळून घरच्या धंद्याला हातभार, तोही धोक्याच्या कामात नाही, एवढी सूट. चौदा ते अठरा या वयाला कायदा 'किशोर' म्हणतो, आणि खाणी, स्फोटक व ज्वालाग्राही पदार्थ आणि घातक प्रक्रिया यांत किशोराला ठेवायला बंदी आहे. कायद्याच्या घातक उद्योगांच्या यादीत फाउंड्री आहे. वितळलेला धातू ओतणं, कास्टिंग साफ करणं, सँड ब्लास्टिंग, सगळं त्यात येतं. सोळा वर्षांच्या पोराला तिथं उभं करणं गुन्हा आहे. मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. जुन्या कारखाने अधिनियमात इतर कारखान्यांतही किशोराला डॉक्टरचा तंदुरुस्तीचा दाखला लागत असे. कागदावर नाव नाही, पगार हातात रोख, अशी नोकरी लागलेल्या मुलाचा हात मशीनमध्ये गेला तर नुकसानभरपाई मागताना तो तिथं कामाला होता हेच आधी सिद्ध करावं लागतं. 'कंपनीत चिकटला' म्हणून पेढे वाटणाऱ्या घरानं एवढं तरी विचारून घ्यावं.

"मुलीच जास्त शाळा सोडतात"

देशाचं २०२१-२२ चं चित्र उलटं आहे. नववी-दहावीच्या टप्प्यावर मुलग्यांची गळती १३ टक्के, मुलींची १२.३. फरक थोडा, पण समजूत मोडायला पुरेसा. मुलग्याला मजुरी ओढून नेते. मुलीचं शिक्षण अंतरापायी, घरकामापायी आणि लवकर ठरवलेल्या लग्नापायी थांबतं. अठराच्या आत लग्न लावणं २००६ च्या कायद्यानं गुन्हा आहे. अनुदानित शाळा-कॉलेजांत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ आहे, खेड्यांतून येणाऱ्यांना एसटीचा पासही मोफत. २०२४-२५ पासून वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे.

"नव्या धोरणानं अठरापर्यंत सक्ती आली"

नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात २०३० पर्यंत सगळी मुलं माध्यमिक शाळेअखेरपर्यंत टिकावीत असं उद्दिष्ट आहे. धोरण म्हणजे कायदा नव्हे; हक्क अजून आठवीलाच थांबलेला आहे. इंग्लंडनं २०१५ पासून अठरा वर्षांपर्यंत शिकणं बंधनकारक केलं, पण वर्गातच बसा असं म्हटलं नाही. शिकाऊ कामगार म्हणून प्रशिक्षण घेतलेलंही चालतं. आपल्याकडे हमी बारावीपर्यंत न्यायची असेल, तर आधी खिचडी आणि पुस्तकं नववीच्या वर्गात पोचली पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं.

"एकदा सुटली ती सुटली"

हेही खरं नाही. दहावीत नापास झालं तर जून-जुलैमध्येच पुरवणी परीक्षा असते. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटी घेऊन अकरावीला जाता येतं. आयटीआयमध्ये वेल्डर, वायरमनसारखे ट्रेड आठवी पासवर मिळतात. दोन वर्षांचा ट्रेड केला आणि बोर्डाचे भाषेचे पेपर दिले, तर आठवी पासवाल्याला दहावीची आणि दहावी पासवाल्याला बारावीची समकक्षता मिळते. 'काम की शिक्षण' असा पेच घालणाऱ्यांना कर्मवीर भाऊराव पाटलांची आठवण करून द्यावी. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचा माल विकत फिरलेल्या या माणसानं १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 'कमवा आणि शिका' उभं केलं.

शाळा पूर्ण सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म आहे. वय चौदा पूर्ण आणि किमान पाचवी झालेली असेल तर दहावीला खाजगीरित्या बसता येतं. फॉर्म ऑनलाइन भरायचा, आधार कार्ड, फोटो आणि शाळा सोडल्याचा दाखला जोडायचा, जवळची शाळा केंद्र म्हणून निवडायची. मूळ दाखला हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र चालतं. कपाटातला तो दाखला आजच शोधून ठेवा.