जुनी चुनखडी, नवे पेटंट

ग्लिव्हेक या औषधावरील २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पेटंट कायद्यातील कलम ३(डी) घरोघरी पोहोचवले. पण ते औषधांपुरतेच आहे, हा गैरसमजही त्यातूनच रुजला. त्या कलमाचा शेवटचा भाग फारसा कोणी वाचत नाही. ज्ञात प्रक्रियेचा नुसता वापर हा शोध नव्हे, असे तो सांगतो. त्यातून नवे उत्पादन निघाले किंवा निदान एक नवा अभिकारक वापरला गेला, तरच गोष्ट वेगळी. वीज केंद्रांच्या धुरातून गंधक काढणाऱ्या तंत्रांना ही अट लावली, की पेच उभा राहतो.

कोळशाच्या धुरातील सल्फर डायऑक्साइड चुनखडीच्या पाण्यात शोषला जातो, हवेने त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि शेवटी जिप्सम उरते. अभिकारक जुना, उत्पादनही जुने. लंडनच्या बॅटरसी केंद्रात १९३० च्या दशकातच धूर धुतला जात होता. आपल्या ट्रॉम्बेला तर समुद्राचे पाणीच हे काम करते. मग फवाऱ्यांची मांडणी किंवा हवा सोडण्याची जागा बदलून कोणी वीज वाचवली, तर तो शोध मानायचा की डागडुजी?

विरोधक रसायनशास्त्राकडे बोट दाखवतात, अर्जदार पायऱ्यांच्या नव्या जुळणीकडे. मला अर्जदाराचे म्हणणे अर्धे पटते. कलमातील ‘नुसता’ हा शब्द वाया गेलेला नाही. खरी सुधारणा दारातच अडवू नये, ती त्या क्षेत्रातील जाणकाराला सहज सुचली असती का, या कसोटीवर पारखावी. मात्र पाच ते सहा सामू राखणाऱ्या प्रत्येक चुनखडी-संयंत्रावर कोणी हक्क सांगू लागला, तर तो दावा फेटाळलाच पाहिजे. सारा उद्योग त्याच मर्यादेत चालतो, आणि पेटंटची मक्तेदारी २० वर्षांची असते.

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने गंधकाची मर्यादा ठरवली, मुदती वारंवार वाढवल्या आणि जुलै २०२५ मध्ये सुमारे ७८ टक्के कोळसा-संचांना ही यंत्रणा बसवण्यातून सूट दिली. खर्चाची सबब एकवेळ तपासता येईल. पण तंत्रज्ञान परक्यांच्या पेटंटमध्ये अडकले आहे, ही सबब मूळ प्रक्रियेपुरती तरी टिकत नाही. ती केव्हाच सर्वांसाठी खुली झाली आहे.