मोटर स्टार्टरचे सर्किट तीन शीटवर काढताय? आधी लेबलचा फरक समजून घ्या

शेतातल्या मोटरीसाठी ऑटो स्टार्टरचे सर्किट काढायचे तर 'किकॅड' हे मोफत सॉफ्टवेअर आयटीआय, पॉलिटेक्निकच्या मुलांना कामाला येते. पण सर्किट मोठे झाले की एका शीटवर मावत नाही. एका शीटवर पॉवर सप्लाय, दुसरीवर मायक्रोकंट्रोलर, तिसरीवर फेज तपासणारा भाग. मग एका शीटवरची वायर दुसरीवर न्यायची कशी?

आपसात जोडलेल्या सगळ्या पिनांना मिळून 'नेट' म्हणतात. शीट बदलली की वायर ओढता येत नाही, जोडणी नावाने होते. त्यासाठी तीन लेबले आहेत.

लोकल लेबल : फक्त त्याच शीटपुरते. दुसऱ्या शीटवर तेच नाव दिले तरी जोडणी होत नाही.

ग्लोबल लेबल : हे नाव जिथे जिथे असेल तिथे, सगळ्या शीटवर जोडणी होते. ग्राउंड आणि सप्लायची पॉवर चिन्हेही अशीच चालतात.

हायरार्किकल लेबल : हा शीटचा दरवाजा. मुख्य शीटवर त्या शीटचा चौकोन असतो. चौकोनावर त्याच नावाची शीट पिन लावायची आणि तिथून वायर न्यायची. पिन विसरली की जोडणी तुटली.

थोडक्यात, गल्लीत 'बाळू' म्हणून हाक मारली तर गल्लीतला बाळू येतो. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून मारली तर गावातले सगळे बाळू हजर!

खरा घोळ इथेच होतो. तीन फेजसाठी फेज तपासणारी एकच शीट तीनदा वापरता येते. पण तिच्या आउटपुटला ग्लोबल लेबल दिले, तर तिन्ही आउटपुट एकमेकांना जोडले जातात. मग एखादी फेज गेली तरी बोर्डाला नीट कळणार नाही आणि मोटर जळू शकते. अशा ठिकाणी हायरार्किकल लेबलच वापरावे.

नाव लिहितानाही जपावे. इंग्रजीत एकीकडे कॅपिटल, दुसरीकडे स्मॉल अक्षरे पडली तर किकॅड ती दोन वेगळी नावे धरते.

बोर्ड छापायला देण्याआधी 'ईआरसी' ही तपासणी जरूर चालवा. एकटे पडलेले लेबल, न जोडलेली पिन ती दाखवते. मात्र सगळ्याच चुका तिला सापडत नाहीत. म्हणून महत्त्वाची नेट एकेक करून हायलाइट करा आणि ती कुठे कुठे जाते ते डोळ्यांनी बघा. स्क्रीनवरची चूक फुकटात सुधारते. बोर्ड छापून आल्यावर तीच चूक खिशाला बसते.